वा म्हणण्याची वेळ

सुंदरम्मानं भांडी घासता घासता सहज सांगितलं आणि यशोदाच्या डोक्यात भुंगा सोडून दिला.

"बाई, सरांना शिट्टी ऐकू येत न्हाई."

"कसली शिट्टी?"

"कुकरची ओ. काल तुमी भाजी आणायला गेला होता ना. सर हितंच टेबलाजवळ पेपर वाचत बसलेले. शिट्ट्या झाल्या सात-आठ. मी गच्चीवरनं पळत आले, डाळ करपल्याचा वास सुटलेला. आणि सर मलाच इचारतात, काय गं, काय झालं?"

"वाचताना त्यांचं कशाकडे लक्ष नसतं."

"तसंच असंल," सुंदरम्मा म्हणाली आणि कढई अशी दणकन पालथी घातली की तसं मुळीच नाही, हे न बोलता सांगून झालं.

शरच्चंद्र वैरागकरांना ऐकू येत नाही, असं सोलापुरात कुणी चारचौघांत म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच कान तपासून घ्यायला लावले असते. बँकेत नोकरी करता करता शरच्चंद्रांनी चार मित्रांना धरून 'सकाळ मंडळ' काढलं, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला एका शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरायच्या, गाणाऱ्याला मधोमध बसवायचं आणि घोड्याच्या नालेसारखं त्याच्याभोवती बसायचं. डाव्या हाताला पुरुष, उजव्या हाताला बायका. ही रीत कुणी घालून दिली नव्हती, ती पडली होती. दुसरी एक रीतही अशीच पडली होती. शरच्चंद्रांच्या तोंडून पहिली 'वा' निघाल्याशिवाय मंडळात कुणी दाद देत नसे. बाहेरगावच्या गवयांनाही हे ठाऊक झालं होतं. ते स्वर लावायचे, आणि डावीकडे पहिल्या सतरंजीवरच्या पांढऱ्या मिशांकडे एक डोळा ठेवायचे.

यशोदा उजवीकडच्या पहिल्या सतरंजीवर, म्हणजे बरोबर नवऱ्याच्या समोर बसायची. मंडळाच्या पहिल्या बैठकीला बायका येईनात, तेव्हा शरच्चंद्र म्हणाले होते, "तू नुसती येऊन बस. तिकडची बाजू ओकी दिसते." ती जाऊन बसली, आणि बसतच राहिली. ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली ही बाई. तिला यमन आणि भूप यांतला फरक आजही सांगता आला नसता. काही ठिकाणी बरं वाटतं आणि काही ठिकाणी घड्याळाकडे लक्ष जातं, एवढंच तिला कळायचं. बाकी सगळे डोलले की आपणही डोलावं, यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. न कळणाऱ्या गोष्टीत कळणाऱ्यांच्या मागून चालावं.

आता मात्र तिला एक गोष्ट खटकायला लागली. गेल्या काही बैठकांत शरच्चंद्रांची 'वा' जरा उशिरा येत होती का? की सुंदरम्माच्या बोलण्यानं आपल्याला तसं वाटतंय? वाटण्यावर ती कधी विसंबली नव्हती. मंडळाचा सेक्रेटरी महेश्वर दर बैठकीचा थोडा भाग मागच्या भिंतीजवळ मोबाइल उभा करून टिपायचा आणि ग्रुपवर टाकायचा. दुपारी शरच्चंद्र आडवे झाले तेव्हा तिनं मागच्या महिन्याचा तो नऊ मिनिटांचा तुकडा काढला, गती निम्म्यावर आणली आणि वही घेऊन बसली.

पहिल्यांदा तिनं फक्त नवरा पाहिला. गाणारा तबल्याच्या ठोक्यावर येऊन पोचतो, शरच्चंद्र गप्प. मग एका क्षणानं मान हलते, ओठ हलतात, वा. त्याच्यामागून सगळं सभागृह. उशीर होता, यात शंका नव्हती. पण दुसऱ्यांदा पाहताना तिच्या लक्षात आलं, की शरच्चंद्र गाणाऱ्याकडे बघतच नाहीयेत. ते समोर बघताहेत. नालेच्या दुसऱ्या बाजूला. तिकडे काय आहे म्हणून तिनं बोटांनी चित्र मोठं केलं, तर तिथं हिरव्या साडीतली ती स्वतःच बसलेली होती. हात गुडघ्यावर पालथा. स्वर एका जागी येऊन टेकला आणि हिरव्या साडीतल्या त्या बाईचा हात हळूच उलटा झाला, तळवा वर, कुणी काही देतंय आणि आपण घेतोय तसा. त्यानंतर शरच्चंद्रांची मान. त्यानंतर 'वा'.

तिनं तो तुकडा अकरा वेळा पाहिला. नऊ मिनिटांत हात सहा वेळा उलटा झाला. शरच्चंद्रांनी सहा वेळा दाद दिली. एकदाही क्रम बदलला नाही.

आपला हात असा उलटा होतो, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

ती लोकांच्या मागून डोलत होती, लोक शरच्चंद्रांच्या मागून, आणि शरच्चंद्र तिच्या हातामागून. मग सुरुवात कुणापासून होत होती? तिनं वहीत तीन बाण काढले. त्यांचं एक वर्तुळ झालं आणि कुठूनच आत शिरता येईना. तिनं वही मिटली.

रात्रीपर्यंत थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. चहाच्या वेळी तिनं मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. शरच्चंद्रांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बसले. तो स्वच्छच होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दीड वर्ष झालं असेल."

"डॉक्टरला दाखवलं?"

"सात रस्ता चौकात एकाकडे गेलो होतो. तू तुझ्या बहिणीकडे केमला गेली होतीस तेव्हा. यंत्र लावून बघितलं. लावलं की सगळी बैठक म्हणजे भांड्यांचं दुकान होतं. नाही लावलं तर..." ते थांबले. "आवाज येतो गं. सूर येत नाही. कुणीतरी गातंय, तबला वाजतोय, हे कळतं. पण गंधार लावला की मध्यम, हे मला आता चिखलातून चाचपावं लागतं. तुझं बोलणं मी अर्धं ओठांवरूनच उचलतो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुझा हात तसा राहिला असता?"

तिला राग यायला हवा होता, पण तो नक्की कशाचा, हे ठरत नव्हतं. लपवल्याचा? की वापरल्याचा?

"अहो, मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही."

"थर्मामीटरला तरी तापाचं नाव कुठं माहीत असतं?" शरच्चंद्र म्हणाले. "मला ऐकू येत होतं तेव्हाही मी बघायचो तुझ्याकडे. मला वाटायचं, इथं. आणि तुझा हात उलटलेला असायचा. वीस-पंचवीस वर्षं ताडून बघितलंय मी. तू म्हणजे..."

"थर्मामीटर. कळलं."

"चिडू नकोस."

"चिडले नाही. चिडायचं का, तेच कळत नाहीये."

ही गोष्ट नवरा-बायकोतच राहिली असती तर एकवेळ निभावली असती. पण येत्या रविवारी मंडळाच्या शिष्यवृत्तीचा निकाल होता. दर तीन वर्षांनी मंडळ एका मुलाला किंवा मुलीला धारवाडला गुरूच्या घरी राहून शिकायला पाठवायचं. निवड एकटे शरच्चंद्र करायचे. त्यांच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही. यंदा दोघं शेवटपर्यंत आले होते. एक ओजस, मंडळाच्या एका विश्वस्तांचा भाचा, सात वर्षांचा असल्यापासून पेटीवर बसवलेला. दुसरी विजयमाला, सांगोल्याकडची. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या. शाळेतल्या एका बाईंनी तिला गाणं शिकवलं. ही जागा मिळाली तर धारवाड, नाही तर नर्सिंगचा फॉर्म, असं घरी ठरलेलं होतं आणि फॉर्मची मुदत पंधरा दिवसांवर आली होती.

"तुम्ही महेश्वरला कळवून टाका, मला जमणार नाही म्हणून," यशोदा म्हणाली.

"कळवलं की विश्वस्त बसून ठरवतील. आणि विश्वस्त कुणाला निवडतील, हे सांगायला गाणं ऐकू यावं लागत नाही."

"म्हणजे त्या मुलीसाठी तुम्ही थांबलाय."

"तसंच काही."

"की पहिल्या सतरंजीसाठी?"

शरच्चंद्रांनी कपातला तळाचा चहा संपवला. मग म्हणाले, "दोन्ही असेल. तू फक्त नेहमीसारखी समोर बस. बाकी काही करू नकोस."

बाकी काही करू नकोस! तिनं आठवडाभर तेवढंच करायचा प्रयत्न केला. एकटी असताना ती जुन्या मैफली लावायची आणि हात गुडघ्यावर ठेवून वाट बघायची. हात हलायचा नाही. कधी हलायचा, तर तो आपोआप हलला की आपण हलवला, हे सांगता यायचं नाही. वर्गात ती मुलांना सांगायची, थंड थर्मामीटर गरम पाण्यात बुडवला की तो स्वतःच पाणी थोडं निववतो. मोजायला गेलं की मोजायची गोष्टच बदलते. मुलं ते वाक्य पाठ करून परीक्षेत लिहायची. तिनंही तेव्हा ते त्याहून जास्त काही म्हणून सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. दारातल्या चपलांत एक जोडी करकरत्या वहाणांची होती. त्या विजयमालाच्या आजोबांच्या, येडूबांच्या. पांढरा फेटा बांधलेले येडूबा आत सतरंजीवर न येता दाराजवळ भिंतीला टेकून बसले. महेश्वरनं दोनदा पुढं बोलावलं. "हितंच बरं हाय. हितनं बी ऐकू येतंय की," ते म्हणाले.

आधी ओजस गायला. अहिरभैरव. मुलगा तयार होता. जिथं जायचं तिथं वेळेवर पोचत होता. यशोदाचा हात गुडघ्यावर पालथा होता आणि तिचे डोळे त्या हातावर. एका ठिकाणी तिनं पाहिलं, शरच्चंद्र समोरून बघताहेत; त्यांच्या डोळ्यांत बस चुकलेल्या माणसासारखं काहीतरी होतं. तिला कसंतरी झालं, आणि हात उलटा झाला. "वा," शरच्चंद्र म्हणाले. "वा, वा," सभागृह म्हणालं. ओजसनं मान तुकवली. ही दाद गाण्याला होती की त्या डोळ्यांना, हे तिला शपथेवरही सांगता आलं नसतं.

मग विजयमाला येऊन बसली. बारीक चणीची, साडी सांभाळता न येणारी. महेश्वरनं जौनपुरी म्हणून सांगितलं. मुलीनं डोळे मिटून सा लावला आणि यशोदाला पहिल्यांदा घड्याळाची आठवण झाली नाही.

पण हात? ती हाताकडे बघत होती. आवाज वर चढला, एका जागी थांबला, तिथंच उभा राहिला. यशोदाला पायरी चुकल्यासारखं झालं. हात हलला नाही. आता उलटा करावा का? केला तर तो आपण केलेला. नाही केला तर तो आपण दाबलेला. तिचा हात तिला लाकडाचा वाटायला लागला.

समोर शरच्चंद्र गप्प होते. ते गप्प म्हणून डावी बाजू गप्प, उजवी बाजू गप्प. मुलीनं डोळे उघडले. मंडळात गाणाऱ्यानं कुणाकडे बघायचं, हे तिलाही कुणीतरी सांगून ठेवलेलं असणार. तिनं पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. मिशा हलल्या नाहीत. ती पुन्हा त्याच जागी गेली, आणखी जपून, पुन्हा पाहिलं. काही नाही. आवाज लहान व्हायला लागला. लांब जायला निघालेली तान मध्येच वळून घरी येऊ लागली. पेटीवाल्यानं तिला धीर द्यायला स्वर जरा दाबून धरला, तरी ती आत आतच जात राहिली. आणि हे सगळं आपल्या एका हातामुळं, हे त्या सभागृहात फक्त दोघांना माहीत होतं.

"वा!"

यशोदाला आधी कळलंच नाही की हे आपण म्हणालो. आवाज चिरका आला. शिवाय नेमका चुकीच्या जागी. विजयमाला तेव्हा गात नव्हती, नुसता श्वास घेत होती. तबलजी हसला. तीस वर्षांत उजव्या बाजूनं, शरच्चंद्रांच्या आधी, असा आवाज आला नव्हता. सगळ्या माना वळल्या. यशोदाचे कान तापले.

विजयमालानंही वळून पाहिलं, आणि तिला फिसकन हसू आलं. श्वास घेतल्याबद्दल वा! हसता हसताच तिनं पुढचा स्वर उचलला. मग तिनं डावीकडे एकदाही पाहिलं नाही. पुढची दहा-बारा मिनिटं ती कुणाला विचारून गात नव्हती.

शरच्चंद्रांना 'वा' ऐकू आली नव्हती, पण माना वळलेल्या दिसल्या होत्या, बायकोचं उघडं तोंड दिसलं होतं. त्यांनी गुणांचा कागद दुमडला आणि पेनाला टोपण घातलं.

गाणं संपल्यावर महेश्वर पाकीट घेऊन जवळ आला. "काका, निकाल."

शरच्चंद्र उठून उभे राहिले. "निकाल मला देता येणार नाही. दीड वर्ष मला सूर ऐकू येत नाहीत."

"काका, चेष्टा करू नका. लोक बसलेत."

"चेष्टा नाही. यात या दोन मुलांचा काही दोष नाही. धारवाडहून कान शाबूत असलेलं माणूस बोलवा आणि दोघांना पुन्हा गाऊ द्या. पुढच्या रविवारीच. या मुलीच्या फॉर्मची मुदत आहे."

सभागृहात कुजबुज झाली. ओजसचे मामा उठून म्हणाले, "मागच्याच महिन्यात तुम्ही अगदी जागच्या जागी दाद दिलीत की! एकदाही चुकली नाही. ती कुठून आली मग?"

शरच्चंद्रांनी समोर पाहिलं. यशोदानं मान अगदी थोडी हलवली. नाही.

"उसनी होती," ते म्हणाले आणि खाली बसले.

बोलाचाली बऱ्याच झाल्या. कुणी म्हणालं मोठेपणा, कुणी म्हणालं इतके दिवस फसवलं. दोन्ही म्हणणारे एकाच रांगेत होते. शेवटी महेश्वरनं तिथंच धारवाडला फोन लावला आणि पुढचा रविवार ठरवून टाकला. चहा फिरला. पहिल्या सतरंजीजवळ मात्र चहाचा ट्रे जरा उशिरा पोचला. शरच्चंद्रांनी तो नजरेनं दोनदा शोधला, हे यशोदानं पाहिलं.

दारात वहाणा घालताना येडूबांनी तिला गाठलं.

"बाई, एक इचारू का? रागाला येऊ नका."

"विचारा की."

"ते तुमी मगाशी वा म्हणालात, ते आमच्या पोरीला म्हणालात, का तुमच्या मालकास्नी हाक मारली?"

यशोदानं तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं खोचकपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती मुलगी बुजत चालली म्हणून म्हणाले, असं सांगावं, तर ते गाण्याला म्हटलेलं होत नाही. गाणं आवडलं म्हणून म्हणाले, असं सांगावं, तर तेव्हा गाणं चालूच नव्हतं. नवऱ्याला सोडवायला? अडकवायला?

"मला माहीत नाही, आजोबा," ती म्हणाली.

"आसं बी आसतंय," येडूबांनी फेटा सारखा केला. "पर पुढल्या रविवारी ठरवून या. पोर घाबरती. मधीच कुणी वरडलं तर मेंढरं बी बिथरत्यात, ही तर माणूस हाय."

विजयमाला मागून पुढं येऊन घाईघाईनं तिच्या पाया पडली आणि आजोबांचा हात धरून बसस्टँडकडे निघाली. ती खुशीत होती की रडवेली, ते पाठमोरं कळलं नाही.

दोघांची स्कूटर पार्क चौक ओलांडून पुढं आली. वाटेत बोलून उपयोग नव्हता. मागून बोललेलं शरच्चंद्रांना ऐकू येत नव्हतं, हे तिला आता माहीत होतं. इतके दिवस मागे बसून आपण किती काय काय बोललो आणि त्यातलं किती वाऱ्यावर गेलं, याचा ती विचार करत होती. भाजी, दिवे, बँकेचं काम, एकदा तर चांगलं लांबलचक भांडण.

पुढं एका कडुनिंबाखाली त्यांनी गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"कशी गायली गं ती?"

"मला काय कळतंय?"

"जे झालं ते सांग. प्रयोगात काय झालं ते लिहितात ना, तसं."

रस्त्यावरून टमटम, ट्रक, डोक्यावर चादरींचं गाठोडं घेतलेली माणसं जात होती. यशोदानं आठवून पाहिलं.

"एका ठिकाणी ती वर चढली. आता आणखी एक पायरी चढेल असं वाटलं, आणि नाही चढली. तिथंच थांबली. बराच वेळ. मला वाटलं, माझाच पाय वर राहिलाय."

"निषाद? की धैवतावर होती?"

"नावं मला विचारू नका."

"बरं, पायरी किती मोठी वाटली? राहिलेली?"

"मोठी. नाही... थांबा. लहान असेल. लहान होती म्हणूनच जास्त लागलं."

"नक्की लहान?"

"नक्की नाही सांगता येत."

शरच्चंद्रांनी डोळे मिटले; मिटल्यावर तिचे ओठ दिसणार नाहीत हे लक्षात येऊन लगेच उघडले. "हं. मग? पुन्हा तिथं गेली?"

"दोनदा गेली. दुसऱ्यांदा घाबरून."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा..." तिला तेवढं आठवत होतं की आठवल्यासारखं वाटत होतं, कोण जाणे. "तिसऱ्यांदा ती गेली वाटतं, वरच्या पायरीवर. की नव्हती गेली? अहो, मी तेव्हा लाजून खाली बघत होते."

"सावकाश आठव," शरच्चंद्र म्हणाले आणि उन्हातून सावलीत तिच्या जरा जवळ सरकले. "मला घाई नाही."